दुसरा फटका

गिरधरचं नाक फुटलं तेव्हा सामन्याची जेमतेम सात मिनिटं झाली होती. भुसावळच्या संघातल्या एका आडदांड गड्यानं जाळीच्या कड्याखाली उडी मारता मारता कोपर असं काही फिरवलं, की हाडाचा आवाज दोरीपलीकडे पहिल्या रांगेत बसलेल्या माणसांनीही ऐकला. रक्ताची धार ओठांवरून हनुवटीवर आणि तिथून बनियनवर आली. पंचानं शिट्टी फुंकली नाही. गिरधर गुडघ्यांवर बसला, दोन बोटांनी नाक चाचपलं, वाकडं झालेलं हाड एका झटक्यात सरळ केलं आणि उठला. पुढचा चेंडू हातात आला तसा तो त्या आडदांडाच्या अंगावरूनच वर गेला. चेंडू जाळीतून खाली पडला तेव्हा तो गडी मुरमावर उताणा होता आणि त्याच्या छातीवर गिरधरच्या नाकातलं रक्त ठिबकत होतं.

जळगावच्या वाघूर मिलच्या मैदानाभोवती त्या दिवशी दोन-तीन हजार माणूस लोटलं होतं. पहिली पाळी सुटल्यावर घरी न जाता तसेच आलेले कामगार, केसांत आणि भुवयांत कापसाचं भुरभुरं अडकलेलं. ते ओरडायला लागले की मैदानाकडेच्या पत्र्याच्या शेडी थरथरायच्या. "गिरधर! गिरधर!" सामना संपला तेव्हा त्यांनी त्याला खाली पाय टेकू दिला नाही. खांद्यांवरून खांद्यांवर असा तो थेट मिलच्या फाटकापर्यंत गेला.

हा गिरधर रावेरकडच्या एका खेड्यातला. घरी चार एकर केळी. निंभोरा स्टेशनवर केळीचे घड वॅगनीत चढवताना कौतिकनानांनी त्याला पहिल्यांदा पाहिलं. खालून फेकलेला मणभराचा घड तो वरच्या वर झेलायचा आणि एकही केळं न दुखवता रचायचा. सव्वासहा फूट उंची, हाताचे पंजे सुपाएवढे. कौतिकनाना फौजेतून सुटलेले कसरतीचे हवालदार, आता मिलचे खेळ-मास्तर. लढाईच्या दिवसांत आसामच्या छावणीत अमेरिकन सोल्जरांकडून ते बास्केटबॉल शिकले होते. त्यांनी गिरधरला उचलून जळगावला आणलं. मिलच्या हजेरीपटावर तो सूतखात्यातला कामगार होता, पण चार वर्षांत त्यानं सूत म्हणून हातात धरलं नव्हतं. खेळणं हीच त्याची नोकरी.

फाटकाशी त्याला खाली उतरवल्यावर तोताराम पुढे आला. हा पारोळ्याकडचा, मागखात्यातला विणकर, पस्तिशीचा, काटकुळा. सामन्याच्या दिवशी मैदानावरच्या चुन्याच्या रेघा तोच आखायचा. कोणी सांगितलं नव्हतं, पण दुसऱ्यानं आखलेली रेघ त्याला वाकडी दिसायची. त्यानं खांद्यावरचा टॉवेल ओला करून गिरधरचं तोंड पुसलं.

"नाक बठ्ठं सुजी जाई," तो म्हणाला. "घर जाईसन हळद लाय."

"तुमचा टॉवेल खराब झाला, भाऊ."

"ऱ्हाऊ दे. आसा डाग कोनाले भेटस?"

माणसं पांगल्यावर नाना बाकावर विडी ओढत बसले होते. गिरधर त्यांच्या पायाशी बसला. नाकातून श्वास येत नव्हता, तरी तो हसत होता.

"नाना, तुम्ही नेहमी म्हनता ना, अमेरिकेत पैसे घेऊन खेळतात आनि त्यातल्या एखाद्याले स्टार म्हनतात. आता मले म्हनाल का?"

नानांनी त्याच्याकडे पाहिलं. "उंची लागते, ती तुला आहे. हात लागतो, तोही आहे. मार खाऊन उभं राहता आलं पाहिजे, ते आज दाखवलंस. एवढं सगळं असलेले गडी मी त्या छावणीत चाळीसएक पाहिले. स्टार म्हणावा असा एकच होता. काळा सोल्जर, ब्राऊन नावाचा. कडं पाडण्यात, म्हणजे चेंडू कड्यातून घालण्यात, त्याच्याहून तरबेज दोघं-तिघं होते. पण तो मैदानात उतरला की बाकीचे चौघे दुपटीनं खेळायचे. तो कसं करतो, ते त्यालाही सांगता यायचं नाही."

"मंग मले कसं समजनार?"

"तुला नाही समजणार. तुझ्या बाजूच्यांना समजेल."

गिरधरला ते पटलं नाही. दोन-तीन हजार माणसं गळा फाटेस्तोवर आपलं नाव घेतात, याहून आणखी काय असतं, असंच त्याला वाटलं.

ही गोष्ट पंचावन्न सालच्या माघातली. फाल्गुनात मिलमध्ये संप झाला.

झालं असं, की मालकांनी नवा हुकूम काढला. आजवर विणकर दोन माग सांभाळत होता, आता चार सांभाळायचे. म्हणजे निम्मे विणकर घरी बसणार, उरलेल्यांचं कंबरडं मोडणार. मागखातं बंद पडलं, त्यापाठोपाठ कांडीखात्यातल्या बायका बाहेर आल्या, मग सगळी मिल. फाटकासमोर माणसं मांडी घालून बसली. तोताराम तिथं होता. कांडीखात्यातली त्याची बायको शेवंताबाई तर बायकांच्या पुढे होती.

नवव्या दिवशी भरदुपारी मॅनेजरनं खेळाडूंना ऑफिसात बोलावलं. दहाही जण भिंतीला टेकून उभे राहिले. कौतिकनाना खिडकीपाशी, बाहेर बघत.

"उद्या सकाळी बाहेरून शंभर बदली कामगार येतायत," मॅनेजर म्हणाला. "ट्रक आत यायला हवा. तुम्ही पुढच्या ट्रकमध्ये बसा आणि वाट मोकळी करा. मिल बंद राहिली तर संघही बंद, हे मी वेगळं सांगत नाही."

लोटन लगेच म्हणाला, "करतो साहेब." लोटन हा संघातला दणकट गडी. समोरच्या संघातल्या चांगल्या खेळाडूची बरगडी मोजून यायची असली, की नाना त्यालाच उतरवायचे.

गिरधरनं नानांकडे पाहिलं.

"जा," नाना खिडकीतूनच म्हणाले. "वाट करून द्यायचीय फक्त. दोन धक्के द्या, बाजूला होतील. आपलीच माणसं आहेत."

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता ट्रक फाटकाच्या वळणावर आला. प्रत्येकाच्या हातात मागाला लावायचा लाकडी दांडा होता, हातभर लांब, तेल पिऊन काळा झालेला. समोर रस्त्यावर चारशे माणूस. ट्रक थांबला तेव्हा क्षणभर कोणीच हललं नाही. खाली बसलेल्यांतला एक जण हसून म्हणाला, "आरे, आपला संघ उना!" काही जणांनी टाळ्यासुद्धा वाजवल्या. त्यांना वाटलं, खेळाडूही संपात आले.

लोटननं उडी मारली आणि हसणाऱ्याच्या तोंडावर पहिला दांडा घातला.

पुढचं सगळं दहा मिनिटांत झालं. डोकी फुटली. एका म्हाताऱ्याचा कान लोंबायला लागला, तो हातानं धरून माणूस वर्तुळात फिरत राहिला. बायका ओरडत होत्या, दगड येत होते. एक दगड गिरधरच्या खांद्याला लागला आणि त्याचं डोकं सणकलं. मैदानावर सणकतं तसंच, तीच गरम लाट. तो दांडा फिरवत पुढे घुसला. समोरून कोणीतरी दोन्ही हात वर करून लोटनकडे धावत होतं. गिरधरनं दांडा आडवा मारला. तो त्या माणसाच्या उजव्या हातावर, कोपराच्या खाली बसला.

माणूस फिरला. तोताराम होता.

"तोतारामभाऊ," गिरधर म्हणाला. स्वतःच्या तोंडून नाव निघालेलं त्यानं ऐकलं. तोताराम त्याच्याकडे बघत होता. दुखऱ्या हाताकडे त्याचं लक्षच नव्हतं. त्याच्या नजरेत राग नव्हता, भीतीही नव्हती. घरच्या माणसानं अंगावर हात टाकल्यावर माणूस जसं बघतो, तसं तो बघत होता.

गिरधरनं दांडा पुन्हा उचलला आणि त्याच हातावर, त्याच जागी मारला. ह्या वेळी हाड मोडलं. काडकन.

तोताराम खाली बसला. ट्रक फाटकातून आत गेले.

आठ दिवसांनी धुळ्याला खानदेशातल्या संघांच्या स्पर्धेचा अंतिम सामना होता, तिथल्या पांझरा मिलच्या संघाशी. संप चालूच होता, पण आपल्याकडे सगळं सुरळीत आहे हे मालकांना दाखवायचं होतं, म्हणून संघ जाणारच होता. ट्रक एरंडोल, पारोळा करत धुळ्यात शिरला तेव्हा गिरधरनं पाहिलं, मैदानाकडे जाणाऱ्या रस्त्यानं ओळखीची माणसं चालली होती. आपले कामगार. चाळीसगावला गाडी बदलून दोनशेएक जण आले होते. कोणाचं डोकं बांधलेलं, कोणी काठी टेकत.

त्याला बरं वाटलं. त्याला मनापासून वाटलं, हे आपल्यासाठी आले. भांडण फाटकापाशी, इथं आपण त्यांचेच.

संघ मैदानात उतरला. ती दोनशे माणसं एका अंगाला, अगदी दोरीला लागून बसली होती. पंचानं शिट्टी तोंडात धरली, तसे ते सगळे एकदम उठले, जागच्या जागी फिरले आणि मैदानाकडे पाठ करून खाली बसले. धुळ्याचे कामगार शेजारी होते. काय चाललंय ते त्यांना कोणीतरी सांगितलं असावं. थोड्या वेळानं तेही वळले. गिरधर चेंडूसाठी मध्यरेषेवर उभा राहिला तेव्हा एक आख्खी बाजू पाठींची होती.

पांझरा मिलचा संघ त्याला फोडायलाच आला होता. त्यांच्यातही कोणाचा भाऊ, कोणाचा मेव्हणा जळगावच्या फाटकावर बसलेला होता. पहिल्या उडीला त्याच्या पोटात गुडघा बसला. दुसऱ्या वेळी तो खाली येत असताना कोणीतरी पाय ओढला आणि तो पाठीवर आदळला, मुरमानं कातडं सोलून निघालं. पंचानं एक फाऊल दिला, दोन दिले, मग देणं सोडलं. एकानं त्याच्या डाव्या हाताची करंगळी पकडून मागे वळवली, ती सांध्यातून निघाली. गिरधरनं ती दातात धरून बसवली आणि त्या माणसाला पुढच्या झटापटीत खांद्यानं असा ठोकला, की तो दोरीपलीकडे, त्या पाठींवर जाऊन पडला. पाठी हलल्या. एकही तोंड वळलं नाही.

तो खेळला. आयुष्यात खेळला नव्हता असा खेळला. दोन माणसांच्या मधून, तिघांच्या डोक्यावरून, एका हातानं, पडता पडता. पण चेंडू हातातून जाऊ देईना. लोटन मोकळा उभा राहून हाका मारत होता, त्यालाही दिला नाही. जाळीतून चेंडू खाली पडायचा आणि मुरमावर आदळायचा, एवढाच आवाज. समोरच्या बाजूला धुळ्याचे दुकानदार, शाळामास्तर, कचेरीतले कारकून बसले होते. सुरुवातीला ते ओरडले. नंतर पलीकडच्या पाठी बघून त्यांचाही आवाज बसला.

अर्धा खेळ संपायच्या वेळी लोटनला कोणीतरी आईवरून शिवी दिली आणि मैदानावर सरळ मारामारी जुंपली. दोघांचे दात गेले. पोलिसांनी येऊन सोडवली. त्यात गिरधर एका बाजूला चेंडू काखेत धरून उभा होता आणि पाठींमधली एखादी तरी मान वळते का, हे बघत होता.

शेवटच्या मिनिटाला त्यानंच कडं पाडलं आणि वाघूर मिल एका गुणानं जिंकली. त्याचे एकट्याचे एकतीस गुण झाले. खानदेशात तोवर असं कोणी केलं नव्हतं. तो कड्याखाली तसाच थांबला, छाती भात्यासारखी हलत होती. पाठी उठल्या आणि न वळताच स्टेशनच्या रस्त्याला लागल्या.

परतीच्या ट्रकमध्ये जिंकलेली ढाल पायांशी पडली होती. पारोळ्याजवळ लोटन म्हणाला, "आज आमची गरजच नव्हती. एकटाच खेळला तू."

नानांनी विडी पेटवली आणि काडी बाहेर टाकली.

दुसऱ्या दिवशी दहाच्या सुमाराला गिरधर तोतारामच्या चाळीत गेला. त्याला पाहून ओट्यांवरच्या बायका आत गेल्या. शेवंताबाई दारात तुरीच्या शेंगा सोलत होती. ती उठली, पायातली वहाण काढली आणि त्याच्या तोंडावर मारली. एकदा, मग परत. तो हलला नाही, त्यामुळे ती आणखी भडकली आणि हातात येईल ते मारत सुटली. सूप, तांब्या, केरसुणी. तांब्यानं त्याची भुवई फुटली.

"एक हात बाकी शे," ती धापा टाकत म्हणाली. "तो मोडाले उना का?"

"येऊ दे त्याले," आतून तोताराम म्हणाला.

तो खाटेवर बसला होता. उजवा हात बांबूच्या कामट्यांत बांधलेला, बोटं सुजून जांभळी. हाड बसवणाऱ्यानं सांगितलं होतं, बोटं पुन्हा वळतील याची खात्री नाही. आणि विणकर म्हणजे बोटंच.

"बस," तोताराम म्हणाला. गिरधर जमिनीवर बसला.

"माले एकच इचारनं शे. पहिला फटका मी समजी लिधा. गर्दी व्हती, तू देखं नही. पन मंग तू मन्हा तोंडकडे देखं. मन्हं नाव लिधं. आनि मंग मारं. कसाले मारं रे तू?"

गिरधरच्या भुवईतून रक्त डोळ्यात उतरत होतं. त्यानं ते पुसलं नाही.

"तुम्ही पाहत होते मह्याकडं," तो शेवटी म्हणाला. "तसं पाहू नये, म्हनून मारलं."

दारातून शेवंताबाई ऐकत होती.

"खरं बोलना," तोताराम म्हणाला. "आते जाय."

"भाऊ, मी काय करू?"

"ते माले नको इचारू. मी तुन्हा मास्तर नही."

त्याच्या दुसऱ्या दिवशी आणखी बदली कामगार घेऊन ट्रक पुन्हा निघाला. गिरधरही बसला. आपण काय करणार हे त्याला तोवर ठाऊक नव्हतं. न बसावं एवढंही त्याच्या मनात आलं नव्हतं.

ह्या वेळी फाटकासमोर बायका आडव्या पडल्या होत्या, सगळ्यात पुढे शेवंताबाई. ड्रायव्हरनं ट्रक थांबवला नाही, मुंगीच्या पावलानं पुढे घेत राहिला. चाक तिच्यापासून हातभर राहिलं तेव्हा लोटन खाली उतरला, तिचा अंबाडा धरून तिला ओढलं आणि दांडा उचलला.

तो खाली आलाच नाही. वरच्या वर गिरधरनं धरला होता.

"सोड, गिरधर."

"नाही सोडत."

"डोकं फिरलं का तुव्हं?"

लोटननं त्याच्या नाकावर डोकं मारलं. अजून नीट न जुळलेलं नाक पुन्हा फुटलं. गिरधरनं दांडा हिसकला आणि उलट्या टोकानं लोटनच्या तोंडावर घातला. ओठ फाटला, दोन दात बाहेर आले. मग बाकीचे धावून आले. चार वर्षं ज्यांच्याबरोबर एका परातीत जेवला, तेच. त्यानं एकाला उचलून ट्रकच्या फळीवर फेकला, दुसऱ्याच्या छातीत गुडघा घातला, शेवंताबाईच्या आणि त्यांच्या मध्ये पाय रोवून उभा राहिला. संपवाले थिजून बघत होते. कुत्री आपसात भांडावीत तसं त्यांना वाटलं असेल.

मागून कोणीतरी त्याला मिठी मारली. लोटननं रक्त थुंकलं, दांडा उचलला, नेम धरला आणि त्याच्या उजव्या गुडघ्यावर मारला. गिरधर पडला. लोटन थांबला नाही. पुन्हा तिथंच. आणखी तिथंच. वाटी फुटल्याचं गिरधरला ऐकू आलं, वेदना नंतर आली.

पहिली हलली ती शेवंताबाई. ती लोटनच्या पाठीवर चढली आणि त्याच्या कानाला तिनं चावा घेतला. तेवढ्यानं चारशे माणूस उठलं. ट्रकच्या काचा फुटल्या, खेळाडू कुंपणावरून उड्या मारून पळाले. मग पोलीस आले आणि लाठ्या सगळ्यांवरच पडल्या.

सिव्हिल हॉस्पिटलात तिसऱ्या दिवशी मिलचा कारकून फौजदाराबरोबर आला. खाटेशी बसून त्यानं कागद काढला. त्यावर जबाब आधीच लिहिलेला होता. संपवाल्यांनी गिरधरला घेरलं आणि त्याचा गुडघा फोडला, असा. खाली चार आरोपींची नावं. पहिलं शेवंताबाईचं.

"सही कर," कारकून म्हणाला. "मुंबईच्या डॉक्टरकडे नेऊ तुला. हजेरीपटावर नाव राहील, खेळ किंवा नको खेळू."

"माहा जबाब मी सांगतो," गिरधर फौजदाराला म्हणाला. "लिहून घ्या. गुडघा लोटननं फोडला. हे एक. दुसरं, तोताराम विणकराचा हात मी मोडला."

"ते कोणी विचारलेलं नाही," फौजदार म्हणाला.

"म्हनूनच सांगतो."

कारकून कागद घडी करून उठला. फौजदारानं पेन्सिलीचं टोक तपासलं आणि लिहायला घेतलं.

खटला पावसाळ्यात उभा राहिला. मिलनं लोटनसाठी वकील दिला आणि साक्षीदार फिरले, तो सुटला. गिरधरला वकील नव्हता. तोताराम साक्षीला आला. उजवा हात झोळीत, बोटं वाळलेल्या शेंगांसारखी आत वळलेली. मॅजिस्ट्रेटनं किती फटके मारले ते विचारलं.

"दोन," तोताराम म्हणाला.

मॅजिस्ट्रेटनं गिरधरकडे पाहिलं. तो कुबडीवर उभा होता.

"व्हय, दोन."

सहा महिने सक्तमजुरी झाली. कोर्टाच्या आवारात कामगार उभे होते. पोलीस त्याला बेडी घालून नेत असताना कोणी ओरडलं नाही. काहींनी तोंड फिरवलं, एक जण थुंकला. ह्या वेळी बरेच जण मात्र त्याच्याकडे बघत राहिले. शेवंताबाईनं पदराखालून भाकरीचं गाठोडं काढून पोलिसाच्या हातात दिलं आणि ती निघून गेली.

संप तडजोडीत मिटला. तीन माग ठरले. शेवंताबाईला कामावर घेतलं, तोतारामला घेतलं नाही. मिलचा संघ त्याच वर्षी मोडला.

साठ साली, नवीन राज्य झालं त्या महिन्यात, कौतिकनाना रावेरला आले. खूप थकले होते. गावोगावी सामने भरत होते. गिरधरनं पाहुणा म्हणून यावं, हारतुरे घ्यावेत, असं म्हणायला ते मळ्यात आले. गिरधर केळीचे घड उतरवत होता. उजवा पाय ताठ, वाकत नव्हता, पण हात पूर्वीचेच.

"एकतीस गुणांचं अजून नाव काढतात," नाना म्हणाले.

"काढू दे."

"तू आला असतास तर लोकांना बरं वाटलं असतं."

"कोनाले, नाना?"

नाना बांधावर बसले. बराच वेळ गवताची काडी मोडत राहिले. "त्या सकाळीही ऑफिसातल्या खिडकीपाशीच उभा होतो मी," ते म्हणाले. "तुम्ही ट्रकमध्ये चढलात ते तिथून दिसत होतं. फाटक दिसत नव्हतं. मी खाली आलो असतो तर दिसलं असतं." त्यांनी मोडलेली काडी टाकली. "तुला मी त्या ब्राऊनच्या गोष्टी सांगायचो. तो फौजेत काय करायचा, ते मी कधी विचारलंच नाही."

गिरधरनं त्यांच्याकडे पाहिलं. रागावण्यासारखं त्याच्यात काही उरलं नव्हतं. बैलगाडी भरायची होती, निंभोऱ्याची वॅगन दुपारी निघणार होती. त्यानं कोयता लावला, घड खांद्यावर घेतला आणि ताठ पाय ओढत दोन पावलं आला.

"इकडून धरा, नाना," तो म्हणाला. "देठाकडून. सोडू नका, मी सांगेपर्यंत."

नानांनी दोन्ही हात पुढे केले.